प्राचार्यांच्या आधीचा मेल

कॉलेजचा मेल सर्व्हर सांभाळणारी मृण्मयी फोन वाजला तरी दचकायची. प्राचार्य राजोपाध्ये सरांनी तिला लेखी फर्मान दिलं होतं: येणाऱ्या-जाणाऱ्या कोणत्याही मेलमध्ये फोटो असला की अडवा, अर्ज टाइप केलेलेच हवेत, अडवलेले मेल आले त्याच क्रमानं, मी वाचून मंजूर केल्यावरच सोडा.

तिनं नियम लावला आणि पहिलाच मेल अडकला तो वहीच्या पानाचा फोटो. गेल्या महिन्यात वारलेल्या एका विद्यार्थ्याच्या आईचं पत्र होतं. शुक्रवारी हॉस्टेलची खोली रिकामी करताना मुलाच्या वह्या रद्दीत टाकू नका, मी न्यायला येते, एवढंच मागणं.

मृण्मयी सरांकडे गेली. "एका चिठ्ठीसाठी नियम मोडायचा? फार हळव्या बुवा तुम्ही," म्हणत त्यांनी तिला परत पाठवलं.

गुरुवारी त्यांचाच फोन आला. "माझा मेल कुणालाच कसा मिळाला नाही?"

"सर, तुमच्या सहीखाली तुमचा फोटो असतो. नियमाला चेहरा ओळखता येत नाही."

"मग माझा तेवढा सोडा."

तिनं अडवलेल्या मेलची यादी उघडली. "सोडते ना, सर. तुमच्या आधी एकच आहे. तो वाचता का?"

पत्र वाचून सर म्हणाले, "वह्या ठेवायला सांगा. नियमही काढा."

शनिवारी आई आली. वह्या उराशी धरून म्हणाली, "ताई, पत्र शेजारणीनं लिहिलं. मला वाचता येत नाही. एक पान वाचता?"

पानावर नुसती गणितं होती. मृण्मयीनं तीच सावकाश वाचून दाखवली.