पांढऱ्या आजीचं पिल्लू

साप बोलायचे, तेव्हाची गोष्ट. कवडी नावाची पट्टेरी सापीण शेजारच्या धामणीला म्हणाली, “माझी आजी पांढरी, ह्यांचे आजोबाही पांढरे. आमचं एक तरी पिल्लू पांढरं निघणार!”

धामण हसली. “तुम्ही दोघंही पट्टेरी. पांढरं आणणार कुठून?”

“नाही निघालं, तर हे वारूळ तुझं.”

अंडी फुटू लागली. एकामागून एक पिल्लं निघाली, सगळी पट्टेरी. शेवटचं अंडं तर हलेचना. धामण वारुळात शिरू लागली, तोच अंडं चिरलं आणि दुधासारखं पांढरं डोकं वर आलं.

फणा नसतानाही कवडीनं मान ताठ उभारली. “बघ, आली माझी आजी!”

धामण आपल्या अंड्यांपाशी परतली. थोड्या वेळानं हळूच तिनं विचारलं, “कवडे, माझी आजी कशी दिसायची, आठवतं का गं तुला?”