घाटाखालचं अळणी ताट

धबधबा बघायला आलेली माणसं मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलांत जेवून परत जातात. तुम्ही वाट चुकून या बोळात आलात, बरं झालं. पाटी शोधू नका, सुलाकाकूच्या खानावळीला पाटी नाही. आणि पिठल्यात मीठ नाही म्हणून तोंडही वाकडं करू नका. इथं सगळं अळणीच शिजतं. काकू स्वतः चुलीपासून उठून मीठ आणते, एकेकाच्या तोंडाकडे नीट बघते आणि मगच ताटात घालते. तोवर कितीही भूक लागली तरी थांबायचं.

असं सांगतात, की घाटावरच्या एका वाडीत बायजा आणि तिचा नवरा रखमाजी राहत होते. रखमाजी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून बंदरावरून मीठ वर आणायचा. एका खेपेला निघताना दोघांनी खिंडीतल्या देवीसमोर नेम केला, पुन्हा भेट होईपर्यंत जिभेवर मीठ ठेवायचं नाही. थोड्या दिवसांचा तर प्रश्न, असं त्यांना वाटलं असणार.

रखमाजी वर्षानुवर्षं आला नाही. तापानं पडला म्हणे, कुणी म्हणतात वेठीला धरून नेला. इकडे पाऊस रुसला आणि सगळी वाडी उठून गेली. बायजाही निघाली. दारावर खूण ठेवली नाही, की कुणापाशी निरोप नाही. ती घाटाच्या पायथ्याशी, त्याच्या वाटेवरच जाऊन बसणार होती. मग निरोप हवा कशाला? इथंच ती फसली.

सोमाजी नावाच्या म्हाताऱ्यानं तिला या पडवीत चूल मांडू दिली. नेमामुळे तिला चव बघता येईना, म्हणून सगळं अळणी शिजायचं आणि सोमाजी वाटसरूंना वरून मीठ वाढायचा. बाईमाणसानं परक्या पुरुषांपुढे यायचं नाही असा तेव्हाचा रिवाज. बायजा भिंतीआड. तिनं सोमाजीला बजावून ठेवलं होतं, बैलवाला दिसला की हाक मारा.

आणि तो आला बिनबैलाचा. केस पिकलेले, अंगावर मांस नाही. बाजाराचा दिवस, पडवीत गलका. सोमाजीनं मीठ पुढे केलं तर म्हणाला, "नको बाबा. घरी गेल्यावर बायकोच्या हातचं घेईन."

नेम दोघांचा आहे हे सोमाजीला ठाऊक नव्हतं, तो हसला आणि पुढच्या ताटाकडे वळला. रखमाजी जेवला, हात धुतले, घाटाला लागला. बायकोच्याच हातचं जेवला तो. पण अळणी कालवणातून कुणाचा हात कसा ओळखायचा, सांगा.

संध्याकाळी चूल विझवताना सोमाजीनं त्या माणसाचं बोलणं गंमत म्हणून तिला सांगितलं. बायजा पिठाच्या हातानं तशीच उठली आणि घाट चढली. वाडीत पोचली तेव्हा उजाडलं होतं. घर बंद होतं. उंबऱ्यावर मिठाची एक पुरचुंडी होती, फडकं तिच्याच जुन्या लुगड्याचं. ओसाड वाडी बघून तो तिला शोधायला निघून गेला होता. कुठल्या बाजूला, ते विचारायला तिथं माणूस नव्हतं.

आता तिनं बसावं कुठं? घरी बसावं तर तो घाटाखालून जाईल. घाटाखाली बसावं तर तो घरी येईल. इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतोय, पण तिनं काय करायला हवं होतं ते मला अजून सांगता येत नाही. वाईट वाटतं एवढंच.

दाराला पदराच्या चिंधीची खूण बांधून, पुरचुंडी घेऊन ती खाली परतली. त्या दिवसापासून रिवाज चुलीत गेला. ती स्वतः बाहेर यायची, प्रत्येकाचं तोंड बघायची आणि त्या पुरचुंडीतलं मीठ वाढायची. कमी झालं की त्यातच नवं मिसळायची. स्वतः मात्र शेवटपर्यंत अळणी जेवली. तो काही आला नाही.

आजही सुलाकाकू त्याच मिठाची बरणी तळाला जाऊ देत नाही. त्यात रखमाजीच्या हातचा एखादा खडा असेल, असं मानतात. मागे एक गृहस्थ आले होते, डॉक्टरांनी मीठ तोडलेलं. ते सहज म्हणाले, मला मीठ नको. काकू वाटी हातात धरून तिथंच उभी राहिली. गाव कुठलं, नाव काय, घरी कोण वाट बघतंय, सगळं विचारलं. गृहस्थ आधी हसले, मग पुण्याचा पत्ता सांगितला, बायकोचं नावही सांगितलं.

"मग घरी फोन करा," काकू म्हणाली, "आणि मी इथं आहे म्हणून सांगा."

त्यांनी फोन लावला. पलीकडून आवाज येईपर्यंत काकू तिथून हलली नाही.