विहिरीकाठचे निळे फडके

पूर्वी शंखपुरात राजा वीरसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व रंगाऱ्यांच्या कुळात जन्मले आणि निळीच्या व्यापारावर नगरश्रेष्ठी झाले. त्यांचे नाव उदय.

या उदयश्रेष्ठींनी एक अजब दान दिले. नगरच्या विद्यापीठात नाना पंथांची व्रते अभ्यासणारे आचार्य होते आणि चौकाचौकात डफ वाजवून बातमी सांगणारे दवंडीवाले होते. दोघांचे एकमेकांशी कधी जमले नव्हते. एका आचार्याने आणि एका दवंडीवाल्याने वर्षभर जोडीने हिंडावे, दोघांचा खर्च आपण करू, असे श्रेष्ठींनी विद्यापीठाला कळवले.

दवंडीवाल्यांत रोहक मोठा संशयी. बायकोने निवडलेल्या तांदळातही तो पुन्हा खडे शोधायचा. तो म्हणाला, "ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. श्रेष्ठी आपली जीभ विकत घेतोय." तरीही तो जोडीत शिरला, कारण श्रेष्ठींचे पितळ त्याला आतून उघडे पाडायचे होते. त्याच्या वाट्याला आचार्य सुयाम आले. हे गृहस्थ सगळ्याच जोगड्यांना पाठीशी घालतात, असे त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकले.

त्या उन्हाळ्यात पूर्ववेशीच्या विहिरीचे पाणी पिऊन माणसे आजारी पडू लागली. दोन मुले गेली. विहिरीशेजारी परदेशी पाच तापस उतरले होते, तेव्हा लोकांचे डोळे तिकडेच वळले. रोहक आचार्यांना घेऊन पहाटे उंबरामागे दबा धरून बसला. तापसांनी पाणी काढले, फडक्यातून गाळले, मग ते फडके एका लोटीत खळबळले आणि ती लोटी अलगद विहिरीत सोडून पालथी केली.

रोहकाच्या अंगावर काटा आला. "मुद्देमालासकट सापडले!" म्हणत त्याने डफ उचलला. तो वाजला असता तर दुपारपर्यंत त्या पाचांवर दगड पडले असते.

आचार्यांनी त्याचा हात धरला. "फडक्यात बारीक जीव अडकतात. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात जिवंत सोडायचे, हे यांचं व्रत आहे, बाबा."

"तुम्ही त्यांचीच बाजू घेणार."

"मग माझं ऐकू नकोस. जाऊन त्यांना विचार."

रोहक तणतणत गेला आणि त्याने फडके हिसकावून घेतले. ते निळे होते.

"महिना झाला, असंच निळं पडतंय," म्हातारा तापस खोकत म्हणाला. "आम्हीही आजारीच आहोत. आजवर कुणी विचारलं नाही."

दोघे ओल शोधत निघाले. विहिरीच्या वरच्या अंगाला निळीची कुंडे होती. एका कुंडाला तडा जाऊन चुन्या-हरताळाचे विषारी निळे पाणी जमिनीत मुरत होते. कुंडे उदयश्रेष्ठींची होती.

आरोप ज्याच्यावर आहे त्याचे आधी ऐकायचे, हा आचार्यांचा नियम. म्हणून दोघे श्रेष्ठींच्या वाड्यावर गेले. आता थैली पुढे येणार, याची रोहकाला खात्री होती. सगळे ऐकून श्रेष्ठींचा चेहरा उतरला. कारभारी पुढे झाला. "रोहक आपलंच अन्न खातो. दोन दिवस गप्प राहील. तेवढ्यात तडा बुजवू."

रोहक मनात म्हणाला, बघा, आलीच टाळी.

"त्या दोन दिवसांत ते पाणी किती जण पितील?" बोधिसत्त्वांनी विचारले. मग ते रोहकाकडे वळले. "डफ वाजव. माझ्या दारापासून सुरुवात कर."

"आपलं नाव घेऊ?" रोहकाने विचारले.

"नाही घेतलंस, तर लोक त्या पाचांचं घेतील."

रोहकाने डफ वाजवला. त्याला इतकी लाज वाटत होती की पहिला ठोका चुकला. संध्याकाळपर्यंत लोकांनी सगळी कुंडे फोडली आणि राजाने श्रेष्ठीपद काढून घेतले. बोधिसत्त्व त्या गर्दीत उघड्या डोक्याने उभे होते. त्यांनी कुणाला अडवले नाही.

भिक्षूंना ही कथा सांगून संपवल्यावर त्यांचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, आज सकाळी दानात आलेले चीवर-वस्त्र उलटसुलट करून पाहणारा हा भद्रिल, तोच तेव्हाचा रोहक होता. आचार्य सुयाम म्हणजे तुम्हांला विनयाचे नियम शिकवणारे हे वृद्ध स्थविर. उदयश्रेष्ठी तो मीच."

भद्रिलाने मान खाली घातली. तेव्हा शास्ता म्हणाले, "मान वर कर. तुझ्यासारखा कुणी संशय घेतो, म्हणून दात्याची परीक्षा होते. आपल्यावरच उलटणारे सत्य जो आपले अन्न खाणाऱ्याला बोलू देतो, त्याची ती सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."