मोशेच्या मरणाची ओळ

“मेलेला माणूस लिहितो का, बाबा?”

ओबाद्याने हे विचारलं तेव्हा दोघांच्या मध्ये सेफेर होती. सेफेर म्हणजे मोशेने स्वतः लिहिलं असं मानतात ते नियमशास्त्र, चामड्याच्या लांब गुंडाळीवर हाताने उतरवलेलं. वर रेशमी फडकं पांघरलेलं होतं.



रेवदंड्याच्या खाडीकडलं आमचं गाव. बेने इस्राएलांची थोडी घरं. आम्ही सिनेगॉगला मशीद म्हणतो. तिथे प्रार्थना चालवणारे हज्जान म्हणजे हसाजीबाबा वरघरकर. तरुणपणी त्यांनी तेलाचा घाणा चालवला, मग उभा जन्म प्रार्थना. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. आपल्यामागे सेफेर वाचायला त्यांनी ओबाद्या झिराडकरला तयार केलं होतं. दुसरं कोणी नव्हतं.

मांडवाचा सण तोंडावर आला होता. त्याच्या अखेरीस सेफेरचा शेवट वाचतात. मोशे डोंगरावर चढतो, पलीकडचा देश नुसता पाहतो, आणि मरतो. ते वाचून झालं की लगेच पहिली ओळ, जग झालं ती. शेवट वाचल्याशिवाय जग पुन्हा सुरू करता येत नाही.

ओबाद्या मुंबईच्या कॉलेजात राहून आला होता. त्याने बाबांना समजावून सांगितलं. मोशे मेला, त्याची कबर आजवर कोणाला ठाऊक नाही, हे मोशे कसं लिहील? ‘आजवर’ हा शब्द फार मागाहून आलेला माणूसच घालतो. आणि शेवटच्याच ओळी कशाला, सगळी सेफेर निरनिराळ्या काळच्या चार-पाच हातांनी जोडलेली आहे. ख्रिस्ती लोकांचंही तेच. त्यांची चार शुभवर्तमानं ज्यांच्या नावावर चालतात, त्यांनीच ती लिहिली याला पुरावा नाही.

तेव्हा सणाला तो मोशे डोंगरावर चढला तिथवर वाचणार होता. मग थांबणार होता. पुढचं कोणा भलत्याचं आहे, असं लोकांना तोंडावर सांगणार होता.

“पाचच हात?” बाबांनी विचारलं.

“विद्वान तसं म्हणतात.”

“मला पावशेर तेल काढायला बैलासकट सहा लागायचे.”

ओबाद्या हसला नाही. “घाण्याची गोष्ट नको, बाबा. मेलेला माणूस लिहितो का? हो की नाही, तेवढं सांगा.”

“नाही लिहीत.”

“मग झालं तर.”

“तू मेलायस का?”

“नाही.”

“मग तू लिही.”

बाबांनी चाचपडत कोनाड्यातून चामड्याचा एक कोरा तुकडा काढला. बोरू काढला. शाईची दौत पुढे सरकवली. मोशेच्या मरणाची जी ओळ आहे, ‘मोशे तिथे मेला’, तीच लिही म्हणाले. फक्त नाव तुझं घाल.

“याने काय ठरणार?”

“तुला भीती वाटत असली तर नको.”

ओबाद्याने बोरू उचलला.

“बोलून लिही,” बाबा म्हणाले. “नियम ठाऊक आहे ना?”

नियम त्याला ठाऊक होता. सेफेर लिहिणारा प्रत्येक शब्द आधी तोंडाने उच्चारतो, मग लिहितो. मुकाट लिहिलेला शब्द चालत नाही.

दुपार होती. खाडीला ओहोटी लागलेली. वारा पडला होता, आणि मशिदीत त्या दोघांवाचून कोणी नव्हतं.

“ओबाद्या,” तो मोठ्याने म्हणाला, आणि लिहिलं. त्याला जरा हसूही आलं.

“तिथे,” तो म्हणाला, आणि लिहिलं.

मग त्याने तोंड उघडलं…

आवाज आला नाही.

त्याने घसा खाकरला. पुन्हा तोंड उघडलं. मरणाचा तो एवढासा शब्द, लहानपणापासून शंभरदा वाचलेला. तो जिभेवर येईना. बोरूच्या टोकाला शाईचा थेंब जमला. आता तो गळणार, तुकडा नासणार, म्हणून हात आपसूक खाली गेला आणि शब्द मुकाट लिहून मोकळा झाला.

बोरूची करकर थांबली.

“झालं,” ओबाद्या म्हणाला. एवढ्या उकाड्यात त्याची बोटं गार पडली होती.

“शेवटचा शब्द फार हळू बोललास,” बाबा म्हणाले.

“बोललोच नाही मी.”

“मी ऐकला.”

“नाही, बाबा. माझ्या तोंडून निघालाच नाही. मुकाट लिहिला मी. नियम मोडला, कबूल करतो.”

बाबांनी मान कलती केली. म्हातारे दूरची हाक ऐकताना करतात तशी…

“नियम मोडला नाही,” ते म्हणाले. “शब्द आधी आला. लिहिणं मागून.”

“मग बोललं कोण?”

बाबांनी हात पुढे केला. रेशमी फडक्यावरून त्यांनी सेफेरवर तळवा ठेवला, चुलीवरून उतरवलेल्या भांड्यावर ठेवून पाहावा तसा. आणि झटकन उचलला.

“तुझ्या पाच हातांना विचार.”

ओबाद्या चामड्याच्या तुकड्याकडे पाहत राहिला. शाई अजून ओली होती. पहिले दोन शब्द त्याच्या वळणाचे होते. तिसऱ्याकडे त्याने जरा वेळ पाहिलं, मग तुकडा पालथा घातला.

बाहेर कोणी मांडवासाठी झावळ्या तोडत होतं. कोयत्याचा घाव ऐकू येई, मग बराच वेळ काही नाही.

“बाबा, सणाला मी ती ओळ वाचणार नाही,” तो म्हणाला. मघाशीही तो हेच म्हणाला होता. पण आवाज मघाचा नव्हता.

“नको वाचूस.”

“डोंगरापाशी थांबेन.”

“थांब,” हसाजीबाबा म्हणाले. “मघा बोलला तो थांबणार नाही.”