फळीआडचा घोडा

एकदा एक गुरू आपल्या शिष्याला एका घोड्याचे नाव विचारून यायला सांगतो, आणि शिष्याला एवढ्या सोप्या कामासाठी दोनदा जावे लागते. गोष्ट एवढीच आहे. सांगताना मला फारशी बरी वाटत नाही, तरी सांगतो; कारण ज्यांनी ती ऐकायला हवी ते सहसा पहिल्या रांगेत बसलेले असतात आणि त्यांना ती दुसऱ्या कुणाची तरी वाटते.

हे गुरू अश्वविद्येचे होते. घोड्याचा खूर, दात, श्वास आणि चाल यांवरून त्याचे भूतभविष्य सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांचे वडील याच विद्येचे पंडित, आजोबाही तेच. त्यामुळे त्यांची पाठशाळा त्या घराण्याच्याच नावाने ओळखली जाई, आणि सरदार-सावकारांची मुले लांबून तिथे शिकायला येत. गुरूंची शिकवण मात्र घराण्याच्या विरुद्ध जाणारी होती. नवा मुलगा आला की पहिल्याच दिवशी ते त्याच्याकडून एक वाक्य लिहून घेत: वंश ऐकू नये, पाय पाहावेत. भाट सात पिढ्या म्हणून दाखवो, घोडा धावतो तो स्वतःच्याच चार पायांवर, असे ते सांगत. ऐकणारे माना डोलावत. सरदारांची मुले तर जास्तच डोलावत, कारण त्यांच्यापुरते ते वाक्य लागू नव्हते हे त्यांना ठाऊक होते.

एकाने मात्र ते खरे मानले. तो कुंभाराचा मुलगा. गाढवांच्या घरातून घोड्यांच्या शाळेत आला म्हणून सुरुवातीला त्याची पुष्कळ चेष्टा झाली. पण त्याचा हात असा की बुजलेले घोडे त्याच्यापुढे मान खाली घालत. बरोबरची मुले शिकून गेली, हा राहिला. पुढे पुढे नव्या मुलांना शिकवण्याचे सगळे काम त्याच्याकडेच आले. खूर कसा उचलायचा, ताप कानाला हात लावून कसा ओळखायचा, पोटशूळ उठलेल्या घोड्याला का बसू द्यायचे नाही, हे सारे मुले त्याच्याकडून शिकत. काही चुकले तर लाथ त्याला बसे, कारण चुकणाऱ्या मुलाला बाजूला सारून तो मध्ये उभा राहत असे. मुलगा पुरता तयार झाला की मग सभा भरे, आणि त्या सभेत अखेरचा मंत्र द्यायला आणि कमरेला पट्टा बांधायला गुरूंचा मुलगा येई.

गुरुपुत्र वाईट नव्हता, हेही सांगायला हवे. गोड बोलणारा, मोठ्यांचा मान ठेवणारा, संस्कृत श्लोक सुरात म्हणणारा. फक्त घोड्याच्या मागे उभे राहायला तो घाबरे. अश्वविद्येत ही तशी किरकोळ अडचण नव्हे. पण घराणे मोठे असले की अडचणी किरकोळ होतात.

गुरू थकले. येत्या दसऱ्याला, घोड्यांची पूजा झाल्यावर, आपण गादीवरून उतरणार असे त्यांनी एका सकाळी सांगितले. पुढे कोण बसणार हे सांगितले नाही. कुंभाराच्या मुलाने काही विचारले नाही. पण माणूस आशेला लागला की त्याची चाल बदलते. तो मुलांशी आता ‘गुरुजी असे करतात’ याऐवजी ‘आपण इथे असे करतो’ असे बोलू लागला. पाठशाळेच्या दारातला खचलेला उंबरा त्याने न सांगता नवा बसवला. गुरूंच्या हे लक्षात आले आणि त्या दिवसापासून त्यांचे जेवणावरचे मन उडाले.

वसंत ऋतू लागला तेव्हा गुरूंनी त्याला जवळ बोलावले. पलीकडच्या मुलखात एका धनिकाची मोठी पागा होती. तिथल्या घोड्यांकडून शिंगरे व्हावीत म्हणून दूरदूरचे लोक आपल्या घोड्या घेऊन तिथे येत. तिथे जा, गुरू म्हणाले, आणि त्या पागेतल्या सर्वांत उपयोगी घोड्याचे नाव विचारून ये.

शिष्य गेला. पागेच्या दारातच त्याचे स्वागत झाले. ‘दिग्विजय’ नावाच्या घोड्यापुढे त्याला नेण्यात आले. काळाभोर, तुकतुकीत, आणि आपल्याकडे लोक पाहत आहेत याची पुरेपूर जाणीव असलेला घोडा. भाटाने वंशावळ म्हटली: दिग्विजयाचा बाप चंडवेग, त्याचा बाप रणधुरंधर, त्याचा बाप अमुक, कुणी कोणती शर्यत मारली, कुणाच्या शिंगरांनी कोणाच्या दारी लक्ष्मी आणली. आयांची नावे त्याने घेतली नाहीत आणि ऐकणाऱ्या कुणी विचारलीही नाहीत. जी शिंगरे धावलीच नाहीत ती कुठे गेली, हेही भाटाच्या कवनात नव्हते. खाण तशी माती, असे म्हणून धनिकाने मिशीवर हात फिरवला. शिष्य परत आला आणि त्याने गुरूंना नाव सांगितले.

गुरू म्हणाले की हे नाव तर रस्त्यावरच्या पोरालाही माहीत आहे. मी दिमाखदार घोडा विचारला नव्हता, उपयोगी विचारला होता. पुन्हा जा, आणि या वेळी पाहुणा म्हणून जाऊ नकोस. काम चालते तेव्हा जा आणि शेवटपर्यंत उभा राहा.

शिष्य पुन्हा गेला. या वेळी तो पागेच्या मागच्या अंगाला, आवारात उभा राहिला. तिथे जमिनीत रोवलेली एक जाड, छातीइतकी उंच फळी होती. तिच्या एका बाजूला कुणाची तरी उंची घोडी आणून उभी केली. दुसऱ्या बाजूने एका मोतद्दाराने, म्हणजे घोडे राखणाऱ्या नोकराने, एक घोडा आणला. तांबूस, बुटका, छाती मात्र भरदार. दिग्विजय तो नव्हता. त्या घोड्याने फळीवरून मान पुढे केली, हलकेच खिंकाळला, घोडीच्या मानेला नाक लावले. घोडी उसळली आणि तिने फळीवर अशी लाथ झाडली की आवार हादरले. मोतद्दाराने तिला परत नेले. दुसरी आणली. हा पुन्हा तेवढ्याच हौसेने पुढे झाला. या घोडीची लाथ फळीवरून आली आणि त्याच्या खांद्याला लागली. तो थोडा मागे सरकला आणि पुन्हा पुढे आला. तिसरी घोडी शांत राहिली. तिने कान टवकारले, मान त्याच्याकडे वळवली. तो आनंदाने थरथरू लागला.

तेवढ्यात मोतद्दाराने त्याचा लगाम खेचला आणि त्याला फरफटत आवाराबाहेर नेले. तो मागे वळून वळून पाहत होता. दुसऱ्या दाराने, झूल उतरवून, दोघा नोकरांनी दिग्विजयाला आत आणले.

शिष्याने मोतद्दाराला हे काय म्हणून विचारले. त्याला या प्रश्नाचेच नवल वाटले.

“घोडीची वेळ झाली का नाही हे बघाया नको? धन्याच्या घोड्याला लाथ बसली, पाय मोडला, तर केवढ्याला पडंल? म्हणून हा पुढं करायचा. लाथा यानं खायच्या, पोरं त्याची.”

“याचे नाव काय?” शिष्याने विचारले.

“याला कशाला नाव? ह्याचं शिंगरू कधी कुणी विकत घेणार हाय का?”

शिष्य त्या दिवशी जेवला नाही. परतीच्या वाटेवर तो सारखा त्या घोड्याच्या खांद्यावरच्या वळाचा विचार करत होता. त्याला घोड्याची दया येत होती, निव्वळ घोड्याची. हुशार माणसे अशीच असतात. दुसऱ्याच्या पायातला काटा त्यांना अचूक दिसतो.

पाठशाळेत येऊन तो गुरूंपुढे बसला आणि म्हणाला की उपयोगी घोडा सापडला, पण त्याला नाव नाही. त्याच्यावाचून पागेचे एकही काम चालत नाही, आणि त्याचे स्वतःचे म्हणून तिथे काही नाही. एवढे सांगून त्याने विचारले, “पण गुरुजी, हे मला पाहायला का लावलेत?”

समोरच्या अंगणात गुरुपुत्र दसऱ्याला गादीवर बसताना म्हणायचे श्लोक घोकत होता, त्याचा आवाज येत होता. शिष्याने तिकडे पाहिले, मग गुरूंकडे पाहिले. गुरूंनी नजर खाली घातली. मोठ्या विद्वानाची खाली गेलेली नजर फार बोलकी असते. शिष्याला सगळे समजले.

“आपणच शिकवलेत,” तो हळू म्हणाला, “वंश ऐकू नये, पाय पाहावेत.”

“ते घोड्यांविषयी शिकवले होते,” गुरू म्हणाले.

मग ते बोलू लागले, आणि एकदा बोलू लागल्यावर थांबले नाहीत. “बाळ, तुझ्याइतकी विद्या माझ्यापाशीही नाही. हे मी तुझ्या तोंडावर सांगतो, पण सभेत सांगणार नाही. उद्या तुला गादीवर बसवले तर परवा निम्मी मुले आपापल्या गावी जातील. त्यांचे बाप त्यांना विद्येसाठी पाठवत नाहीत, माझ्या आजोबांच्या नावासाठी पाठवतात. तो धनिक दुष्ट नाही. लोक ज्यासाठी येतात ते तो जपतो, एवढेच. मीही तसाच पागेचा धनी निघालो. हे मला तुला समोर बसवून सांगवेना, म्हणून तुला घोड्याकडे पाठवले. आयुष्यभर मी दृष्टांत दिले ते शिष्यांना समजावे म्हणून. हा एक दृष्टांत मी भित्रेपणाने दिला.”

खरे बोलले, यात शंका नाही. पण जे सत्य माणूस आपली सोय झाल्यावर बोलतो, ते वरातीमागून आलेले घोडे. त्याच्यावर कुणाला बसता येत नाही.

“तू राहशील ना?” गुरूंनी विचारले. त्यांचा आवाज आता याचकाचा झाला होता. त्याला काही कमी पडणार नाही, मान राहील, मुलगा त्याच्या शब्दाबाहेर जाणार नाही, असे ते म्हणाले. तो गेला तर मुलांना शिकवणार कोण, हेही त्यांनी शेवटी बोलून टाकले.

शिष्याने विचारले, “त्या घोड्याला हे कळते का, गुरुजी?”

गुरू शेवटी अश्वविद्येचे गुरू होते. घोड्याविषयी विचारले की त्यांना खोटे बोलता येत नसे.

“पहिल्या वसंतात कळत नाही. पुढे कळते. मग तो फळीपाशी मान घालून उभा राहतो, खिंकाळत नाही. अशा घोड्याचा उपयोग संपतो. म्हणून शहाणे धनी मधूनमधून त्यालाही एखादी साधीसुधी घोडी देतात. त्याचे मन मरू नये, म्हणून.”

शिष्याने आपल्या खांद्यावरून हात फिरवला.

“गेल्या दसऱ्याला,” तो म्हणाला, “आपण भर सभेत माझ्या खांद्यावर शाल घातलीत. मी घरी जाऊन आईला दाखवली. ती रडली. तेव्हापासून त्या शालीच्या उबेवर मी लाथा खाल्ल्या.”

गुरूंनी डोळे मिटून घेतले.

शिष्य उठला. त्याला राग आलेला दिसत नव्हता. राग येण्यासाठीसुद्धा घर थोडे आपले असावे लागते. “मी आपल्याला दोष देत नाही,” तो म्हणाला. “घोड्याला त्याचा मोतद्दार ओढून नेतो. मला इथे कुणी बांधले नव्हते. मी रोज सकाळी आपल्या पायांनी फळीपाशी येत होतो, आणि याला भक्ती म्हणत होतो.”

गुरूंनी सवयीने उजवा हात थोडा उचलला, कारण इतक्या वर्षांत शिष्य कधी त्यांच्या पायांवर डोके ठेवल्यावाचून उठला नव्हता. शिष्याने तो हात पाहिला. त्याचे डोळे भरून आले, कारण त्या म्हाताऱ्यावर त्याचे प्रेम होते आणि ते काही एका दुपारी जाणार नव्हते. पण तो वाकला नाही. तो सरळ बाहेर गेला, आणि गुरूंचा हात कुणाचेही डोके खाली नसताना काही वेळ तसाच राहिला.

आपल्या घरात, संस्थेत, कचेरीत कुणी रोज सकाळी हौसेने पुढे येत असेल, तर त्याच्यासाठी पुढची शाल आणण्यापूर्वी एकदा आपला दुसरा हात त्याच्या लगामावर तर नाही ना, ते पाहावे.