आईनं धरलेलं बोट

वेळूच्या बनाला लागून एक एवढंस्सं गाव होतं आणि गावाच्या टोकाला बकुळाची झोपडी. घरात ती आणि आई, दोघीच. आई दिवसभर बांबू सोलून टोपल्या विणायची. बोटं चिरायची, घरात कधी भाकरी असायची, कधी नसायची. पण बकुळाची शाळा तिनं एक दिवसही बुडू दिली नाही.

आणि शाळा तरी कशी! मुलांसाठी झटणाऱ्या एका संस्थेनं ती चक्क फुलबागेत बांधली होती. सकाळी बालवाडीतली चिमणी पाखरं, दुपारी मोठी मुलं आणि उन्हं कलली की पाटी घेऊन आईबाबा! तिथला रिवाज मोठा गमतीचा. बालवाडीत मुलं आईचं बोट धरून येत. आईबाबांच्या वर्गात मात्र पहिल्या दिवशी आईनं लेकराचं बोट धरून यायचं.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी बकुळाची आईही शिकायला आली. अंगावर धुतलेलं, ठिगळाचं लुगडं. केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले. डोक्यावर दोन टोपल्या, वाटेत खपल्या तर खपल्या म्हणून. फाटकाशी थांबून तिनं हसत हात पुढं केला.

"ही कोण गं?" मैत्रिणींनी विचारलं.

अन् काय सांगू, बकुळाला आईची लाज वाटली! "टोपल्या विकायला आलीय कुणीतरी बाई," ती म्हणाली.

आईनं ते ऐकलं. हात मागं घेतला आणि आल्या वाटेनं निघून गेली. घरी रागावली नाही. उलट भाकरीचा मोठा तुकडा लेकीच्याच ताटात वाढला. बकुळानं तो तसाच बाजूला सारला. पावसाळा सरला, थंडी आली, आईनं पुन्हा शाळेचं नाव काढलं नाही. अन् "चुकले" म्हणायला बकुळाचं तोंड उघडेना.

एकदा ती बागेत मुसमुसत बसली होती. तेवढ्यात जाईच्या वेलीवर काहीतरी लुकलुकलं. कोळ्याच्या जाळ्यात इवलीशी परी अडकली होती! पंख अबोली रंगाचे, झगा चांदीच्या दवाचा. बकुळा आपलं रडू विसरली. पंखांना धक्का न लावता तिनं एकेक धागा हळूहळू सोडवला.

"गुणाची गं माझी बाय!" परी किणकिणली. "माग हवं ते. पण माझे नियम आहेत हं."

"मी आईबद्दल बोलले ना, ते पुसून टाक."

"बोललेला शब्द मलासुद्धा पुसता येत नाही, सोनुले."

"मग आईला एका फुंकरीत वाचता येऊ दे."

"शिकायचं ज्याचं त्यानंच. आता एकदाच माग. पण मनातल्या मनात नाही. जिथं लाज वाटली तिथंच, त्यांच्याच समोर, मोठ्यानं."

बकुळानं मान हलवली, नाही म्हणून. पण मागं गेलेला तो हात आठवला आणि ती घराकडे धावत सुटली. आईला तिनं ओढतच फाटकाशी आणलं. मैत्रिणी बघत होत्या, जाईच्या वेलीवरून परीही.

"ही माझी आई आहे!" बकुळा ओरडली. "त्या दिवशी मी खोटं बोलले. आई, चुकलं गं माझं. माझं बोट धर ना!"

आईनं बांबूचा भुसा लागलेला हात पदराला पुसला. मग तिनं लेकीचं बोट घट्ट धरलं. त्याबरोबर बागेत सोनेरी, गुलाबी, केशरी उजेडाची भुरभुर झाली. आईच्या हातावरच्या साऱ्या चिरा भरून आल्या. आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

वर्गात आईनं जपून पहिलं अक्षर काढलं. शेजारची सगुणाकाकू, आई फाटकातून परत फिरली त्याच पावसाळ्यात वर्गात आलेली. ती धडा घडाघडा वाचत होती. आई तिच्याकडे बघतच राहिली.

"मीपण आज तिथवर पोचले असते, नाही गं?" ती हळूच म्हणाली.

बकुळाचे डोळे भरून आले. गेलेले दिवस परत मागायला आता परीही नव्हती. तिनं आईचा हात धरला आणि दोघींनी मिळून पुढचं अक्षर गिरवलं.