घुबडाची हाक

फार जुन्या काळी, अ‍ॅझ्टेक लोकांच्या देशात, मृत्युदेव मिक्त्लानतेकुत्लीचा निरोप्या एक घुबड होतं. ते ज्या छपरावर घुमे, त्या घरात मरण येई. लोक घाबरून त्याच्यापुढे मांस ठेवत.

एकदा भूक लागली म्हणून निरोप नसतानाच ते सितलाली कुंभारणीच्या छपरावर घुमलं.

"घरात मांस नाही रे," ती रडत म्हणाली.

तेवढ्यात हाडं वाजवत सांगाड्याच्या रूपातला मृत्युदेव दारात उभा राहिला.

घुबड ओरडलं, "देवा, माझी हाक खोटी होती! परत जा!"

"खरं-खोटं मला कळत नाही. हाक आली की मी येतो," देव म्हणाला आणि सितलालीला घेऊन गेला.

त्यानंतर घुबड निरोपाशिवाय तोंड उघडेना. पुढे त्याच्या घरट्यात पिल्लं जन्मली. त्यांना पाहून आनंदाच्या भरात ते घुमलं.

मागे हाडं वाजली.